कुलपाचा महिमा

‘विंडोज १०’ ही संगणकप्रणाली १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सेवानिवृत्त झाल्यापासून अहिल्यानगर जिल्ह्यातील एका दफ्तरात तिच्या जागी ‘विंडोज ११’ची प्रतिष्ठापना करण्याचे जे अनुष्ठान चालू आहे, त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केल्यावाचून राहवत नाही. यंत्र तासभर वर्तुळ फिरवते आणि अखेरीस ‘०एक्स८००७००७०’ एवढेच वदते. याचा अर्थ ‘जागा शिल्लक नाही’ असा असला, तरी तो सरळ सांगितला असता तर रयतेच्या मनात आदर कसा उरला असता? मामलेदार कचेऱ्यांनीही हाच कित्ता गिरवावा. दाखला नाकारताना कारण न देता केवळ आकडा द्यावा, म्हणजे अर्जदार घरी जाऊन त्यावर चिंतन करील.

जागा मोकळी केल्यावर दुसरा निकाल लागला : ‘टीपीएम २.०’ नामक सुरक्षेची चिप नसल्याने अर्ज नामंजूर. हुकूम शिरसावंद्य मानून कारकुनाने ते धडधाकट यंत्र अडगळीत ठेवले, खोलीस दोन कुलपे ठोकली, किल्ल्या रीतसर नोंदवहीत चढवल्या आणि सायंकाळच्या एसटीने तो आपल्या गावी, शनिशिंगणापुरास, परतला; तेथे घरांना परंपरेने दारेच नसतात.