एम.ए., गायमुखमार्गे

पन्नाशी जवळ आली की माणसं योगासनांचा वर्ग लावतात, नाहीतर गावाकडे जमीन बघतात. मला अर्थशास्त्रात एम.ए. व्हायचं सुचलं, तेही दूरशिक्षणाने. घोडबंदर गावात राहणाऱ्याला बाकी सगळंच दूर, मग शिक्षणानेच का लाजावं?

"पगार वाढणार आहे का?" हिने विचारलं.

"नाही."

"मग फी कशाला भरायची?"

सीमांत लाभ आणि सीमांत खर्चाचं प्रकरण डोक्यात शिरायला मला अख्खं सत्र लागलं. हिने ते कणीक मळता मळता संपवलं होतं.

अभ्यास मात्र जोरात. तटस्थता वक्र मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत काढले. भाजीवालीला मागणीची लवचीकता समजावून कोथिंबिरीचा भाव पाडायला गेलो, तर तिने जुडी उचलून परत टोपलीत ठेवली. "मग बिनकोथिंबिरीची आमटी खा, काका." मुकाट्याने सांगेल तो भाव दिला.

परीक्षेचं केंद्र ठाण्यात. भरपूर वेळ हाताशी ठेवून रिक्षात बसलो. चेण्यापर्यंत ठीक, पुढे गायमुखच्या घाटात एक कंटेनर आडवा झालेला. गुजरातहून न्हावाशेव्याला निघालेले त्याचे सगळे भाऊबंद मागे उभे. बाबासाहेब १९१३ साली समुद्र ओलांडून न्यूयॉर्कला गेले आणि १९१५ साली कोलंबियातून अर्थशास्त्रात एम.ए. झाले. मला गायमुख ओलांडवेना.

"काका, पेपर कशाचा?" रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं.

"अर्थशास्त्राचा."

"मग सांगा ना, हे ट्रॅफिक का होतं?"

एवढा श्रोता मला घरात कधी मिळाला नव्हता. अर्थशास्त्रज्ञ पिगूने १९२०च्या पुस्तकात दोन रस्त्यांचं उदाहरण दिलंय, मी सुरू केलं. समजा, एक रुंद पण खराब, दुसरा अरुंद पण चांगला. सगळे चांगल्यावर घुसतात, कारण जो तो आपल्यापुरता वेळ मोजतो. आपल्यामुळे मागच्यांना होणारा उशीर कुणी मोजत नाही. उपाय काय, तर गर्दीच्या रस्त्यावर कर. (इथे तर रस्ता अरुंद आणि खराबही, पण पिगू इकडे कधी आला नव्हता.)

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुमच्यामुळे मागच्यांना उशीर होतोय. मग तुम्ही कशाला निघालात?"

ह्याचं उत्तर नोट्समध्ये नव्हतं. पाठ करायला विल्यम विक्री काढला. कोंडीच्या वेळी रस्त्याला जादा दर लावा म्हणणारा हा गृहस्थ. १९९६ साली नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी, परिषदेला निघालेला असताना, गाडी चालवतानाच गेला. मी वही मिटली.

वर्गात शिरलो तेव्हा बाकीचे पुरवण्या मागत होते. पहिलाच प्रश्न: बाह्य परिणाम सोदाहरण स्पष्ट करा. उदाहरण ताजं होतं. कंटेनर, धूर, हॉर्न, रिक्षावाल्याचा आक्षेप, सगळं लिहिलं. आकृतीत घाटाचं वळणसुद्धा काढलं. उरलेल्या प्रश्नांना वेळच राहिला नाही आणि केटी लागली.

तुमचं केंद्र ठाण्याला असेल, तर आदल्या रात्रीच एखाद्या मावशीकडे मुक्कामाला जा. मावशी नसेल तर एम.ए. मराठीत करा, केंद्र तेच असतं, पण निदान कोंडीचं कारण कुणी विचारत नाही.