ॲव्हरेजराव

क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा आमचा. सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर पसारा, चौदा तालुके. घाटघरचा पाऊस आणि जामखेडचं ऊन एकाच कलेक्टर कचेरीच्या हद्दीत. नगरचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण अंतरं होती तेवढीच राहिली. राहायचं एका गावात, कामाला जायचं दुसऱ्या आणि शेती तिसऱ्याच तालुक्यात, असा इथल्या निम्म्या माणसांचा संसार. त्यामुळे दारात नवी गाडी उभी राहिली की आमच्याकडे अभिनंदन नंतर होतं. आधी टायरला हलकीशी लाथ मारून विचारलं जातं, "किती देते?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच ज्याचा जन्म झाला आहे, तो ॲव्हरेजराव.

ओळखायला सोपा आहे. राहणार सावेडी, नोकरी सुप्याच्या एमआयडीसीत, वडिलांचा ऊस नेवाशाकडे. वय पंचेचाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. जाऊन-येऊन रोज सत्तर किलोमीटर. गाडीच्या डॅशबोर्डवर गणपती, आणि ग्लव्ह बॉक्समध्ये पतसंस्थेनं दिवाळीला दिलेली डायरी. डायरीत तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये असे रकाने आखलेले असतात. शेवटचा रकाना 'शेरा'. पहिल्या चार रकान्यांत हिशेब असतो, पाचव्यात साहित्य.

गाडी कुठली? जिम्नी. फोर बाय फोर. आता सुप्याला जायला चारही चाकांना ताकद देणारी गाडी कशाला, हे समजायला नगरचं बालपण लागतं. आमचं गाव रणगाड्यांचं. आर्मर्ड कोअरचं केंद्र इथे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्रही इथेच. मारुतीनं १९८५ साली जिप्सी काढली आणि पुढं ती लष्करात गेली, तेव्हापासून भिंगारच्या रस्त्यानं हिरव्या जिप्स्या फिरू लागल्या. सायकलवरून शाळेत जाणाऱ्या कितीतरी पोरांनी तेव्हा मनात एक गाडी बुक करून ठेवली. पोरं मोठी झाली, कर्ज मिळण्याइतकी झाली, तोवर जिप्सीची विक्री बंद पडली. मग जून २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी बाजारात आली. एक्स-शोरूम किंमत तेव्हा पावणेतेरा लाखांपासून होती. ॲव्हरेजराव शोरूमला 'नुसतं बघायला' गेला आणि टोकन देऊन परत आला.

घरी पहिला प्रश्न बायकोचा. "अहो, रोज डांबरी रस्त्यानं जायचं, त्याला ही कशाला?"

"शेतात जाता येईल."

लग्नाला वीस वर्षं झाली होती आणि शेताचा उल्लेख इतक्या मायेनं पहिल्यांदाच होत होता. बायको काही बोलली नाही. तेव्हा त्यानं हुकमाचं पान टाकलं, "आणि सोळा पूर्णांक चौऱ्याण्णव देते." दशांशानंतर दोन आकडे असले की खोटं वाटत नाही.

आकडा खोटा नाहीच. मॅन्युअल जिम्नीचं प्रमाणित ॲव्हरेज १६.९४ आणि ऑटोमॅटिकचं १६.३९. फक्त तो सुप्याच्या रस्त्यावर मोजलेला नाही. तो प्रयोगशाळेत, रोलरवर उभ्या केलेल्या गाडीवर मोजतात. चाचणी चालते ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटंसुद्धा नाही. सरासरी वेग ताशी तीस-बत्तीस किलोमीटर, जास्तीत जास्त नव्वद, आणि एसी बंद. त्या रोलरवर कामरगावचा घाट नाही, उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून रस्त्याच्या मधून चाललेला ट्रॅक्टर नाही, एसटीनं ऐनवेळी मारलेली हूल नाही आणि मे महिन्यातली नगरची दुपारही नाही. हे सगळं ॲव्हरेजरावला पाठ आहे. वाहनांच्या चाचण्या घेणारी व्हीआरडीई आपल्याच गावात आहे आणि तिथं आपल्या ओळखीचा माणूस आहे, हे तो प्रत्येकाला सांगतो. नगरमध्ये तशी ओळख प्रत्येकाचीच असते. पण हे ज्ञान तो दुसऱ्याच्या गाडीला लावतो. स्वतःच्या गाडीपुरता त्याचा १६.९४ वर विश्वास आहे.

पेट्रोल भरणं हा त्याचा विधी. पंप ठरलेला, नोझल ठरलेलं, पंपावरचा पोऱ्याही ठरलेला. वेळ पहाटेची, कारण 'थंड पेट्रोल जास्त बसतं'. पेट्रोलची टाकी जमिनीखाली असते, तिथं पहाट आणि दुपार यांत फारसा फरक पडत नाही, हे त्याला कुणी सांगायचं नाही. ऑटोकट झाला की तो गाडीला दोन्ही हातांनी धरून हलवतो. "हवा निघू दे." मग पुन्हा थोडं, पुन्हा हलवाहलव. चाळीस लिटरच्या टाकीत शेवटचा थेंब गेला की डायरीत नोंद होते. पोऱ्याला आता सवय झाली आहे. मागच्या रांगेला झालेली नाही.

आणि आकडा येतो साडेतेरा.

इथून पाचवा रकाना सुरू होतो. "बायपासला जाम. धरायचं नाही." "मोहटादेवीची यात्रा, करंजी घाट. धरायचं नाही." "सासूबाई अधिक दोन पोती बाजरी. धरायचं नाही." गणेशविसर्जन धरायचं नाही, लग्नसराई धरायची नाही, पावसाळ्यात वायपर चालतो म्हणून पावसाळा धरायचा नाही. असं गाळत गाळत गेलं की वर्षातून एक दिवस उरतो. जानेवारीतला रविवार, वारा पाठीमागून, गाडीत एकटा, वेग सत्तर. त्या दिवशी सोळा पडले होते. तो आकडा लाल पेनानं लिहिलेला आहे आणि त्यापुढे शेरा आहे, "नॉर्मल".

आकडा एक असला तरी विचारणारे अनेक असतात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजारी विचारतो, त्याला "सोळा". ऑफिसात प्रवासभत्त्याचा फॉर्म भरताना अकाउंट्सवाल्याला "दहा. फोर बाय फोर आहे साहेब, खातेच ती." सर्व्हिस सेंटरला, "अकरासुद्धा देत नाही, बघा जरा काहीतरी." आणि साडू विचारतो तेव्हा, "हायवेला अठरा. सहज."

साडूचं प्रकरण वेगळं आहे. तो श्रीरामपूरला असतो आणि त्याच्याकडे सीएनजीची वॅगन आर आहे. तिचं कागदावरचं ॲव्हरेज किलोला ३४ किलोमीटर. म्हणजे ॲव्हरेजराव अठरावर गेला तरी जवळजवळ दुपटीनं हरतो. मग तो लिटर आणि किलो यांतला फरक समजावू लागतो, सीएनजीच्या रांगेत गेलेल्या तासांचे पैसे लावतो, डिकीत सिलिंडर असल्यानं बॅग मांडीवर घ्यावी लागते हे सांगतो. साडू शांतपणे ऐकून घेतो आणि शेवटी एवढंच म्हणतो, "ते सगळं खरं. पण किती देते?"

या प्रश्नापायी ॲव्हरेजराव शास्त्रज्ञ झाला आहे. कामरगावच्या उतारावर तो गाडी न्यूट्रल करतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत तसं करून थेंबभर वाचतही असेल. पण आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय काढला की उतारावर पेट्रोलचा पुरवठाच तुटतो. न्यूट्रल केली की मात्र इंजिन चालू राहायला पेट्रोल पिऊ लागतं. म्हणजे घाटात हा पेट्रोल जाळतो, वर इंजिनाचा ब्रेक गमावतो आणि बचत केली असं डायरीत लिहितो. पुढं सपाटीला लागला, मागून पुण्याची एखादी लांबलचक गाडी हॉर्न देत गेली की याच्यातला जिप्सीवेडा शाळकरी पोऱ्या जागा होतो. काटा ऐंशीवरून शंभरावर. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो, त्यामुळे वीस किलोमीटर वेग वाढवला की तो अडथळा दीडपटीहून जास्त होतो. त्यात जिम्नीचा आकार खोक्याचा. उतारावर वाचवलेलं (असं त्याला वाटतं) सगळं पेट्रोल सुप्याच्या आत वारा खाऊन टाकतो. त्या दिवशीचा शेरा: "पेट्रोलमध्ये भेसळ?"

मध्यंतरी त्यानं टायर बदलले. कंपनीचे बारीक दिसतात म्हणून रुंद, दणकट नक्षीचे घातले. जड टायर फिरवायला इंजिनाला जास्त खावं लागतं, ॲव्हरेज आणखी घसरलं. पण शोधाशोध करताना त्याला एक सत्य सापडलं. टायरचा घेर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त पुढं जाते आणि मीटर मात्र जुन्या घेरानंच मोजतं. म्हणजे किलोमीटर थोडे कमी दिसतात. गोष्ट खरी आहे, फरक टक्का-दीड टक्क्याचा आहे. ॲव्हरेजरावनं डायरीत 'मीटर करेक्शन' नावाचा सहावा रकाना काढला आणि सरसकट एक किलोमीटर वाढवून घेतला.

आता फोर व्हील ड्राइव्हचं काय? त्या छोट्या दांड्याची तीन घरं आहेत. रोजच्या रस्त्याला टू-एच, निसरड्याला फोर-एच आणि अडकल्यावर फोर-एल. दांडा टू-एचमध्ये असताना पुढच्या चाकांना ताकद जात नाही, पण सगळं लोखंड बरोबर हिंडतंच. बाराशे किलोच्या गाडीतला तो जिन्नस सावेडी ते सुपा रोज फुकट प्रवास करतो. भंडारदऱ्याला काजवे बघायला गेला तर तिथंही डांबर. शेवटी एका श्रावणात योग आला. नेवाशाला पाऊस झाला होता, वडील उसाच्या बांधावर होते. ॲव्हरेजरावनं दांडा ओढला आणि गाडी थेट रानात घातली. काळ्या रानानं चारही टायरांची नक्षी मिनिटात लिंपून टाकली. चारही चाकं अगदी सारखी, कुणावर अन्याय न करता, जागच्या जागी फिरू लागली. ट्रॅक्टरनं ओढून बाहेर काढली. त्या दिवसाचं ॲव्हरेज अर्थातच धरायचं नाही.

वडिलांनी मात्र विचारलं नाही, किती देते. ते म्हणाले, "आरं, टॅक्टरला कधी कुणी आवरेज इचारतं का? रान किती झालं ते इचारत्यात."

पण खरी गंमत पेट्रोलच्या आत आहे. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलच्या लिटरमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या लिटरपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरणारच. गाडी त्या इंधनासाठी जुळवलेली असेल तर एक-दोन टक्के, नसेल तर सहा-सात टक्के, असं नीती आयोगानं २०२१ च्या आराखड्यात म्हटलं होतं. ॲव्हरेजराव याच्यावर पेटून बोलतो. "ही सरळ लूट आहे. पैसे पेट्रोलचे घ्यायचे आणि टाकीत काय भरायचं?" हे इथेनॉल कुठून येतं? त्यातला काही वाटा उसातून. आणि सहकारी साखर कारखानदारी जिथं प्रवरानगरला रुजली त्या जिल्ह्यात, याच्याच वडिलांच्या बांधावरून. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंधनं घातली, तेव्हा हाच गृहस्थ गावच्या पारावर उभा राहून म्हणाला होता, "शेतकऱ्याच्या तोंडचा घास काढला!" उसाच्या बिलात इथेनॉलचे पैसे मिळाले पाहिजेत आणि टाकीत इथेनॉल नको, या दोन्ही मागण्या तो एकाच चहात करतो. चहा संपेपर्यंत त्याला यात काही खटकत नाही.

त्याच्यावर हसायला सोपं आहे, पण त्याची अडचण समजून घ्यायला हवी. पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळाचा हिशेब केलेल्या मुलखात निव्वळ आवडली म्हणून वस्तू घेणं हा गुन्हा असतो. बैल घेतला तर कामाचा, भांडं घेतलं तर टिकाऊ, गाडी घेतली तर देणारी. ॲव्हरेजरावनं आयुष्यात एकदाच काहीतरी केवळ आवडलं म्हणून घेतलं, आणि तेव्हापासून तो बायको, बाप, साडू, शेजारी या सगळ्यांपुढं त्याचा जबाब देतो आहे. डायरी पेट्रोलची नाही, त्या जबाबाची आहे.

म्हणून वाचकहो, तुमच्यापैकी कुणी ही गाडी घ्यायच्या विचारात असेल तर दोन शब्द. रोजची नोकरी गाठणं आणि पैसा वाचवणं एवढाच हेतू असेल तर साडूचं ऐका, छोटी सीएनजी घ्या. जिम्नी आवडली असेल तर आवडली म्हणून घ्या आणि तसं घरी सांगा. टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, वेग ऐंशीच्या आत ठेवा, घाटात गाडी गिअरमध्ये ठेवा. आणि कुणी विचारलं तर साडेतेराच सांगा. सत्तर किलोमीटरला साडेतेराच्या हिशेबानं पाच लिटर आणि वर थोडं लागतं, कंपनीच्या आकड्यानं चार लिटर आणि वर थोडं. सगळं भांडण दिवसाच्या एका लिटरचं आहे.