उड्डाणपुलाच्या खांबावरच्या मोरास खुले पत्र

रा. रा. मोरोपंत,
मु. उड्डाणपुलाचा खांब, मुंबई



मोरोपंत म्हटले म्हणून बारामतीच्या पंतांशी आपले नाते कोणी जोडू नये. त्यांनी जन्मभर आर्या रचल्या. आपण आजवर चकार शब्द काढलेला नाही. आपल्या भाग्योदयाचे कारणही तेच, एवढे सांगण्यासाठी हा पत्रप्रपंच.

आपण कुठे नाही? उड्डाणपुलाच्या खांबावर आहात, सार्वजनिक शौचालयाच्या भिंतीवर आहात, कचराकुंडीच्या मागे तर आहातच आहात. आपले रानातले भाऊबंद ढग पाहून नाचतात, आपण मार्चअखेर पाहून. निधी संपवायची वेळ आली की आपला पिसारा फुललाच. आता चोच पोपटाची आणि मान बदकाची झाली आहे खरी, पण तेवढे चालायचेच. परवानगीशिवाय भिंत रंगवणाऱ्यासाठी १९९५ चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. आपल्यासाठी निविदा आहे. त्याने केले तर विद्रूपण, आपण आलात की सुशोभीकरण.

आपल्या पक्षिकुळातली एक जुनी हकिकत कानावर घालतो. इंग्लंडात क्लॅक्टन-ऑन-सी नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. २०१४ च्या ऑक्टोबरात तिथे पोटनिवडणूक होती आणि परदेशातून येणाऱ्या माणसांवरून वातावरण तापले होते. तेवढ्यात बँक्सी नावाचा चित्रकार एका भिंतीवर पाच करडी कबुतरे काढून गेला. कबुतरांकडे फलक होते: स्थलांतरितांना इथे थारा नाही, आफ्रिकेत परत जा, आमच्या अळ्यांपासून लांब राहा. आणि हे सगळे कोणाला, तर समोर तारेवर एकटाच बसलेल्या एका हिरव्या पाखराला. चित्र वर्णद्वेषी असल्याची तक्रार तिथल्या कौन्सिलकडे आली. कौन्सिलने ते तत्परतेने पुसले. चित्र कोणाला हसत होते, हे विचारायला वेळ कोणाला होता? मग कळले, चित्र लाखमोलाच्या बँक्सीचे! तेव्हा कौन्सिल म्हणाली, त्यांनी पुन्हा यावे, काहीतरी योग्य असे काढावे, आम्हाला आनंदच होईल.

योग्य म्हणजे काय, हे बिचाऱ्यांना आपली ओळख असती तर तेव्हाच कळले असते. बोलणारे कबूतर पुसले जाते, मुक्या मोराला दरवर्षी दोन हात रंग मिळतो.

आता सगळे खापर आपल्याच तुऱ्यावर फोडणार नाही. आपला एक चुलतभाऊ आहे, पडदा. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० च्या बैठकांसाठी पाहुणे मुंबईत आले, तेव्हा त्यांच्या वाटेवरच्या झोपड्यांपुढे हे महाशय उभे राहिले. पाहुणे गेले, पडदेही गेले. आपले कसब त्याहून वरचे. तो नुसता झाकतो, आपण झाकून वर नाचता.

भिंतींना बोलता येत नाही असेही नाही. २००९ साली तुळशी पाइप रोडच्या कडेची रेल्वेची लांबलचक भिंत पालिकेने लोकांना मोकळी करून दिली. शेकडो हौशी आणि सराईत हात तिथे रंगात बुडाले, आणि शहराच्या मनात काय काय चालले आहे ते माहीमपासून दादरपर्यंत वाचता येऊ लागले. २०१७ मध्ये ससून डॉकच्या भिंतींवर तिथेच राबणाऱ्या बायाबापड्यांचे भलेमोठे कृष्णधवल फोटो लागले. ज्यांच्याकडे गिऱ्हाइकाने कधी मासळीच्या पाटीवरून मान वर करून पाहिले नव्हते, त्यांच्याकडे मान वर करूनच पाहावे लागले. आणि सुधारक ओलवे यांनी तर वर्षानुवर्षे पालिकेच्या सफाई कामगारांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरून गटारात उघड्या अंगाने उतरलेली माणसे टिपली. त्यातला एखादा फोटो आपल्या जागी लावून बघा. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या काचा पटापट वर जातील. आपल्याला पाहून मात्र कोणी काच वर केल्याचे ऐकिवात नाही. आपण दिसता, म्हणजे बघायचे काही नाही, असा शहराने ठराव केलेला आहे.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या नाक्यावर आपला जन्म होत होता. परांचीवर चढलेला रंगारी पोरगा आपल्या डोळ्यांचे निळे ठिपके भराभर टाकत होता. खाली उघडून ठेवलेल्या जुन्या वहीच्या पानावर पेन्सिलीने काढलेली एक म्हातारी होती, पाठीत वाकलेली, हातात झाडू. इतकी जिवंत की मी विचारले, "ही का नाही काढत वर?" तो हसला. म्हणाला, "काका, माणूस अडकतो. मोर पास होतो."

मोरोपंत, सगळे कलाशास्त्र त्या पोराने चार शब्दांत सांगून टाकले.

मोर एवढा देखणा, पण स्वतःचे पाय पाहिले की त्याला रडू येते, असे आमची आजी सांगायची. म्हणून मी आपले पाय शोधले. नाहीत. खांबाचा खालचा चार फुटांचा भाग काळ्यापिवळ्या पट्ट्यांचा, आणि आपण त्याच्या वर संपता. त्या पट्ट्यांना टेकून एक चूल मांडलेली असते, दोरीवर शाळेचा एक गणवेश वाळत असतो, आणि त्याची मालकीण पुलाच्या दिव्यात पाढे लिहीत बसलेली असते.

रडू येऊ नये म्हणून पायच काढायचे नाहीत, ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला माझा दंडवत सांगा. बिल पास झालेच असेल.

आपल्या पायांच्या जागी राहणाऱ्यांचा,
एक शेजारी