दात बघा, मग बोला

गुरुवारी छावणीच्या बाजारात बैल घ्यायला आलेला माणूस कुणावर विश्वास ठेवत नाही. आधी लांबून बघतो. मग जवळ येऊन पाठीवर थाप मारतो, खूर उचलतो, शेपटी ओढून बघतो. मग ओठ खाली ओढून दात मोजतो: आदत आहे, दोनदाती आहे, चौसा आहे की जुळलाय. मग म्हणतो, चालवून दाखवा. चालवला की म्हणतो, आता वळवून आणा. विकणाराही कच्चा नसतो. "पैले दांत देखो, फिर बात करो," असं तो स्वतःच सांगतो. भाव ठरतो हातावर रुमाल टाकून, बोटं दाबून. जनावर देवणी असो की लाल कंधारी, 'जात चांगली आहे' एवढ्यावर पैसे मोजणारा शेतकरी मराठवाड्यात अजून जन्मायचा आहे. अंगावर भोवरा कुठं आहे ते बघणारे आहेत, नाही असं नाही. पण भोवरा बघूनसुद्धा ते दात बघतातच.

बाजारापासून हाकेच्या अंतरावर एक चहाची टपरी आहे. तिथं आमचे पारखी बसतात. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत, पेन्शन वेळेवर येते, घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या आहेत. माणसाच्या बाबतीत त्यांना चालवून, वळवून बघायची गरज पडत नाही. आडनाव पुरतं. फारच अडलं तर चप्पल.

परवा एक पोरगा खोल्या बघायला आला. वाळूजच्या एका कारखान्यात नोकरी, हातात हेल्मेट.

"नाव काय तुमचं?"

"जाधव."

पारख्यांचा चेहरा पडला. जाधव, पवार, गायकवाड ही आडनावं म्हणजे या शास्त्रातली अवघड गणितं. मराठ्यांत आहेत, बौद्धांत आहेत, मातंगांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, पारध्यांत आहेत. पूर्वजांनी पुढच्या पिढ्यांतल्या घरमालकांचा काडीचा विचार केलेला दिसत नाही.

"कोणते जाधव? सिंदखेडराजाचे का?"

"नाही सर, बीडकडचे."

"तसं नाही हो. मामाचं आडनाव काय?"

"पवार."

पारख्यांनी चहाचा घोट घेतला आणि दुसऱ्या दारानं आत शिरायचा प्रयत्न केला.

"बरं, गणपती बसतो का तुमच्याकडं?"

"बसतो की."

"वा! म्हणजे आपलेच."

"गल्लीत बसतो, सर. आमच्या घरी नाताळ असतो."

पारखी क्षणभर गप्प बसले, पण लगेच सावरले. साचे त्यांच्याकडं भरपूर आहेत. एक बसला नाही की दुसरा काढतात. "असं होय! मग इंग्रजी एकदम फर्स्ट क्लास असणार तुमचं."

"दहावीला दोनदा बसलो सर, इंग्रजीला."

पोराचं काही चुकलं नव्हतं. छावणीतला ख्रिस्ती म्हणजे गिटार, केक आणि फाडफाड इंग्रजी, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसावं. इथल्या कित्येक घरांत नाताळला करंज्या तळतात आणि उपासनेत नारायण वामन टिळकांची मराठी गीतं म्हणतात. टिळक 1919 साली गेले. पारख्यांपर्यंत बातमी पोचायला अजून थोडा वेळ लागेल. खोल्या अर्थातच मिळाल्या नाहीत. "तुमचं काही नाही हो, आमची बहीण यायची आहे राहायला," असं सांगण्यात आलं. ही बहीण गेली कैक वर्षं यायचीच आहे.

पारख्यांना एकट्याला दोष देऊन चालणार नाही. हे शास्त्र त्यांनी शोधलेलं नाही. ते सरकारी आहे, आणि छावणीच्या मातीत तर पार मुरलेलं आहे. जून 1857 मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या इथल्या घोडदळात बंड झालं. इंग्रजांनी ते मोडलं, बंडवाल्यांना मारलं. शहरातला काळा चबुतरा पुढं क्रांती चौक झाला तो त्याच आठवणीनं. देशभरातलं बंड शमल्यावर साहेब विचाराला बसला, की हे झालं कशानं? पगार, अपमान, खालसा केलेली राज्यं हे विषय अडचणीचे होते. त्यापेक्षा कोणती जात इमानी आणि कोणती बेइमान हा हिशेब सोपा. पुढं 1885 पासून लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती झाला आणि हिंदुस्थानातल्या काही जाती जन्मतःच लढवय्या, बाकीच्यांनी दुसरं काम बघावं, ही समजूत भरतीचं धोरण झाली. भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी जातवार पुस्तिका निघाल्या. मराठे आणि दख्खनी मुसलमान यांच्यावर बेथम नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं लिहिलेली पुस्तिका 1908 साली निघाली. थोडक्यात, आमचे पारखी जे टपरीवर तोंडी करतात ते साहेबानं छापून, बांधणी करून दिलं होतं.

या शास्त्राचा एक नमुना मात्र जरा थांबून बघण्यासारखा आहे. भीमा कोरेगावच्या स्तंभावर कंपनी सरकारनं महार शिपायांची नावं कोरली. 1818 ची लढाई ती. म्हणजे लढतात की नाही हे चालवून बघितलेलं होतं, दगडावर पावतीही दिलेली होती. तरी 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. तेव्हा सुभेदार रामजी सकपाळ यांचा सर्वांत धाकटा मुलगा एखाद्या वर्षाचा होता. तो जन्मला होता 14 एप्रिल 1891 रोजी, महूला. तीही छावणीच. पोराचे दात अजून पुरते यायचे होते आणि सरकारनं त्याच्या बापाच्या जातीचे दात न बघताच तिला बाजारातून बाहेर काढलं.

मग अर्ज सुरू झाले. पेन्शनीत निघालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी 1894 मध्ये विनंती केली. शिवराम जानबा कांबळे यांनी 1910 मध्ये थेट विलायतेला लिहिलं. अर्जांनी काही झालं नाही, जर्मनांनी झालं. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली आणि 1917 मध्ये महारांची पलटण उभी राहिली. म्हणजे त्या वर्षी जात लढवय्यी झाली. युद्ध संपलं, 1921 मध्ये पलटण मोडली. जात पुन्हा बिनलढवय्यी. 1941 मध्ये दुसरं महायुद्ध ऐन भरात, बेळगावला महार रेजिमेंट स्थापन. जात पुन्हा लढवय्यी. इतक्या झटपट रक्त बदलल्याचं दुसरं उदाहरण वैद्यकशास्त्रात नसावं. पुढं याच रेजिमेंटमधून आलेले के. व्ही. कृष्ण राव आणि कृष्णस्वामी सुंदरजी असे दोन अधिकारी भारताचे लष्करप्रमुख झाले. दोघांपैकी कुणीही महार नव्हतं, ही माहिती पारख्यांना दिली तेव्हा ते अस्वस्थ झाले. रेजिमेंटच्या नावावरून आतल्या माणसाची जात कळत नसेल तर लष्कर चालतं तरी कसं, असा त्यांचा प्रश्न होता.

सुभेदारांचा तो मुलगा 1934 मध्ये आमच्या भागात आला होता. बरोबर कार्यकर्ते होते, वेरूळ बघायचं होतं, वाटेत दौलताबाद. नगर नाक्यावरून पडेगाव, मिटमिटा करत आजही तीच वाट धरावी लागते. प्रवासाची धूळ म्हणून मंडळींनी किल्ल्याच्या दारातल्या हौदावर हातपाय धुतले. तेवढ्यात एक म्हातारा मुसलमान ओरडत आला, की यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिव्या सुरू झाल्या. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर झालेले होते, अमेरिकेच्या आणि लंडनच्या पदव्या घेतलेल्या होत्या, गोलमेज परिषदांना बसून आले होते. म्हणजे चालवून, वळवून, ओझं लादून, सगळ्या तऱ्हेनं बघून झालेलं. हौदावर त्यातलं काही मोजलं गेलं नाही. शेवटी किल्ला बघायची परवानगी मिळाली, ती बरोबर हत्यारबंद शिपाई देऊन. पाण्याला हात लागू नये म्हणून. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. साच्याची मक्तेदारी एका धर्माकडं नाही, एवढा सर्वधर्मसमभाव या देशात पूर्वीपासून आहे.

त्याच माणसानं 1950 साली याच शहरात कॉलेज काढलं. वर्ग सुरुवातीला भरले ते छावणीच्या भागात. पुढं नागसेनवनात स्वतःची इमारत झाली, आपण ज्याला मिलिंद म्हणतो ते. या मिलिंदमध्ये शिकलेले एक विद्यार्थी म्हणजे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांनी आणि पॉल अॅटवेल यांनी केलेला एक अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धत साधी: वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवायचे, शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फक्त नाव वेगळं. एक उच्चवर्णीय हिंदू नाव, एक दलित, एक मुस्लीम. मुलाखतीचं बोलावणं यायची शक्यता दलित नावाला उच्चवर्णीय नावाच्या साधारण दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लीम नावाला एक-तृतीयांश. अर्ज वाचणारे कुणी छावणीच्या टपरीवर बसणारे नव्हते. वातानुकूलित कचेऱ्यांतले, टाय बांधलेले, 'आम्ही फक्त गुणवत्ता बघतो' असं वार्षिक अहवालात छापणारे होते. ओठ ओढून दात कुणी बघितले नाहीत. पाकिटावरचं नाव बघितलं.

आता वाचकांपैकी कुणी म्हणेल, काही साचे खरेही असतात. असतात ना. पुण्याचे पाहुणे आले की हमखास विचारतात, "तुमच्याकडं पाणी येतं का हो?" हा प्रश्न अपमानास्पद आहे, पण उत्तर द्यायची सोय नाही, कारण नळाला रोज पाणी येत नाही. हे शहर खडकी या नावानं वसवणारा मलिक अंबर हा विकला गेलेला हबशी गुलाम. बादशहा जहांगीर त्याच्या काळ्या तोंडाचा उद्धार करायचा. इतकंच नाही, त्याच्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असं चित्रही त्यानं काढून घेतलं. प्रत्यक्षात अंबर काही त्याच्या हाती लागला नाही. त्या काळतोंड्यानं नहर बांधून शहराला पाणी दिलं. त्याच्यानंतर आलेले सगळे गोरेगोमटे आहेत आणि आपण टँकरवाल्याचा नंबर पाठ करून बसलोय.

पण मराठवाडा म्हणजे दुष्काळ, भेगाळलेली जमीन आणि टमरेल, या साच्याला एकदा चांगलाच तडा गेला होता. ऑक्टोबर 2010 मध्ये या शहरातल्या मंडळींनी एकत्र येऊन एका दिवसात 150 मर्सिडीज घेतल्या. किंमत सुमारे 65 कोटी. मुंबईच्या आणि दिल्लीच्या वार्ताहरांना शहर नकाशावर शोधावं लागलं. बातम्या अशा काही आल्या की जणू बैलांनी गाड्या घेतल्या. त्यानंतर साचा मोडला असं मात्र समजू नका. तो बदलून मिळाला. आता बाहेरगावी औरंगाबाद म्हटलं की लोक विचारतात, "जमीन विकलीत का?"

आणि हे औरंगाबाद म्हणणंही आता बिनधोक राहिलेलं नाही. 2023 मध्ये शहराचं नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झालं. तेव्हापासून आमच्या पारख्यांचं काम फारच हलकं झालंय. समोरचा कोणतं नाव उच्चारतो यावरून त्याचं मत, त्याचं वर्तमानपत्र, त्याचं जेवण आणि बहुधा त्याचं शेजारपण ते एका दमात सांगतात. सत्तरीतली म्हातारी केवळ सवयीनं जुनं नाव घेते आणि नवा जावई केवळ सासरच्या धाकानं नवं घेतो, ही शक्यता या शास्त्रात बसत नाही. छावणीतले शहाणे लोक यातून वाट काढतात. ते म्हणतात, "जरा शहरात जाऊन येतो." कोणत्या शहरात, ते कुणी विचारत नाही.

खोल्यांचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. जाधव गेल्यावर आठवड्याभरात पारख्यांना हवं तसं गिऱ्हाईक मिळालं. आडनाव असं की मामाचं विचारायची गरज नाही. कपाळ, बूट, बोलणं, सगळं साच्यात चपखल. डिपॉझिटसुद्धा पारख्यांनी निम्मंच घेतलं. घरच्यासारख्या माणसाकडून काय घ्यायचं? हा घरचा माणूस पावसाळ्याच्या तोंडावर एका पहाटे गेला. तीन महिन्यांचं भाडं, लाइट बिल आणि गच्चीवरची पाण्याची मोटर एवढं त्याच्याबरोबर गेलं.

आम्हाला वाटलं, पारखी आता जरा नरमतील. टपरीवर गाठून विचारलं, "काका, आडनाव तर एकदम पक्कं होतं ना?"

"तो अपवाद," पारखी म्हणाले.

"आणि कोपऱ्यावरचे शेख? त्यांनी तुमच्या सुनेला रात्री दोन वाजता घाटी दवाखान्यात नेलं होतं ना, रिक्षा मिळत नव्हती तेव्हा?"

"तोही अपवाद. माणूस चांगला आहे, पण अपवाद."

"आणि तुमच्या पेन्शनचं अडलेलं प्रकरण ज्या कांबळेसाहेबांनी..."

"अपवाद. मी कुठं नाही म्हणतो?"

पारख्यांच्या वहीत सगळी गल्ली अशी अपवाद म्हणून नोंदलेली आहे. नियमात बसणारं कुणी उरलेलं नाही. पण नियम जागेवर आहे.

"मग आता खोल्या कुणाला देणार?"

"आता फसायचं नाही," पारखी म्हणाले, आणि चहावाल्याला दोन कटिंग सांगून जरा पुढं सरकले. "आता मी आडनावाबरोबर आजोबांचं गावही विचारायला लागलोय."