तुमच्या पुण्याचीच विमानं!

"वहिनी, झोप झाली का? पहाटेपासून विमानं डोक्यावरून चाललीत नुसती," मी भिंतीपलीकडे डोकावले. सोसायट्या दोन, पण मधली भिंत छातीएवढीच, म्हणून आमचं बरं जमतं.

वहिनी मोड आलेले वाल सोलत होत्या. "नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाला तेव्हा कामोठेभर कौतुक, आता कटकट होय? तुमचं माहेर पुण्याच्या लोहगावचं ना? तुम्हाला तर सवय हवी."

"सवय आहे हो. पण तिथला आवाज मानाचा! इंग्रजांनी १९३९ मध्ये मुंबईच्या रक्षणासाठी बांधला तो हवाई तळ. सुखोई-३० लढाऊ विमानं पहिल्यांदा भारतात आली ती १९९७ मध्ये, तीही आमच्याकडेच." माहेरची बढाई मारायला आपलं काय जातं?

वहिनींनी वालाचं साल थाळीत टाकलं. "तुमचा मान ठाऊक आहे मला. आमच्या दाबोळी विमानतळावर बॉम्ब टाकायला कुठून आली होती विमानं? तुमच्या पुण्याहूनच!"

आता आली का पंचाईत! वहिनींचं माहेर गोव्यातल्या वास्कोचं.

"१८ डिसेंबर १९६१," त्या म्हणाल्या. "आई सांगायची, मांडणीवरची भांडी खणखणली. १२ कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं आली होती, विंग कमांडर मेनन पुढे. ६३,००० पौंडांचे बॉम्ब टाकले, पण इमारतीला हात लावायचा नाही असा हुकूम. म्हणजे पोर्तुगीजांकडून गोवा घ्यायचा, पण विमानतळ वापरता यायला हवा. हिशेबी हो तुमचे पुणेकर!"

"मग धावपट्टी उडाली की!"

"खड्डे पडले. पोर्तुगीजांनी रातोरात थोडे बुजवले आणि दोन प्रवासी विमानं बायकापोरांना घेऊन काळोखात कराचीला पसार! दुसऱ्या दिवशी गोवा मोकळा."

मला वाटायचं दाबोळी पहिल्यापासून मिलिटरीचीच असणार. वहिनींनी मान हलवली. भारताने १९५४-५५ मध्ये गोव्याची नाकेबंदी केली, वाटा तोडल्या, म्हणून पोर्तुगीजांनी घाईघाईने विमानतळ उभा केला. मे १९५५ मध्ये तो सुरू झाला, आणि त्यांची स्वतःची विमान कंपनीही निघाली, कराची, दमण, दीवला जाणारी.

"बरं, मग आता तिथे नौदल आहे, ते कुठून आलं मध्येच?"

"विक्रांत! ती विमानवाहू बोट नोव्हेंबर १९६१ मध्येच मुंबईला पोचली होती. बोट बंदरात उभी राहिली की तिच्यावरची सी हॉक विमानं उतरवायची कुठे? त्यांना जमिनीवर घर नको? नौदलाचा हवाई तळ हंसा तोवर तिकडे कोइंबतूरजवळ, सुलूरला. इकडे मेजर जनरल कँडेथ गोव्याचे लष्करी राज्यपाल. एप्रिल १९६२ मध्ये त्यांनी दाबोळी नौदलाच्या हवाली केली, आणि १९६४ मध्ये हंसाचं बिऱ्हाड आलं वास्कोला. तेव्हापासून घरमालक नौदल आणि पॅसेंजर पोटभाडेकरू! किती वर्षं आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी साडेआठ ते दुपारी एक पॅसेंजर विमानांना दार बंद. का, तर त्यांचा सराव."

"पुण्यात तरी काय वेगळं? २०२१ मध्ये धावपट्टीची डागडुजी काढली, तर ऑक्टोबरात दोन आठवडे एक पॅसेंजर विमान उडालं नाही. हवाई दलाची धावपट्टी, बोलणार कोण?" खरं सांगते, माहेरची असली तरी ही गोष्ट मला पटत नाही. दिवाळीच्या तोंडावर कुणी असं करतं का!

"पण पुण्यात तळच आधी, पॅसेंजर मागाहून. आमच्याकडे पॅसेंजरचाच होता, तो घेतला यांनी. फरक आहे." वहिनी हट्टाने म्हणाल्या. मुद्दा बिनतोड होता, म्हणून मी विषय बदलला.

"आपल्या इथे ती भानगड नाही. उलव्याची टेकडी फोडली, नदीची वाट वळवली, दहा गावं उठवली, पण जागा सारी सिडकोची. वर्दीवाल्यांना विचारायला नको."

"उठलेल्यांना विचारा, त्यांना वर्दीचं काय!"

"ते झालंच. पण तुमचं बरं, आता मोपाचा विमानतळही आहे २०२३ पासून. नौदलाची कटकट गेली."

"मोपा? अहो, तो पेडण्यात, वर महाराष्ट्राच्या हद्दीला! उतरून वास्कोला जाईपर्यंत टॅक्सीवाला विमानाएवढे पैसे घेतो. ह्यांना बजावलंय, तिकीट काढाल तर दाबोळीचं. नौदल तर नौदल. घरापाशी उतरवतं ना!"