बारवेवरचे श्रोते

टाळेबंदी उठली, पण वेबिनार काही उठले नाहीत. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणणाऱ्या जिल्ह्यात जन्मलेला माणूस मी. एका ऑनलाइन परिषदेत निबंध वाचायला मिळतोय म्हटल्यावर लगेच होकार कळवला. विषय घरचाच होता, वालूरची बारव. सेलू तालुक्यातल्या आमच्या या गावच्या बारवेच्या पायऱ्या इतर बारवांसारख्या सरळ उतरत नाहीत. गोल गोल फिरत पाण्याशी जातात.

मग आयोजकांचा फोन आला. "सर, श्रोते तेवढे तुम्हीच आणा."

मी व्हॉट्सअ‍ॅपच्या सगळ्या ग्रुपांवर निमंत्रण टाकलं. मामांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ते 'येतो' म्हणून होतं की 'माफ कर' म्हणून, हे मला अजून कळलेलं नाही. एका मित्रानं थेट विचारलं, "सर्टिफिकेट आहे का?" हा गृहस्थ टाळेबंदीत एका वेळी तीन-तीन वेबिनारांना हजर असायचा, आणि तिन्हीकडे झोपलेला. त्याला तरी दोष कसा द्यावा? सप्ताहातसुद्धा खरी गर्दी काल्याच्याच दिवशी होते. म्हणून तर सर्टिफिकेटासाठी भरायच्या अभिप्रायाच्या फॉर्मची लिंक आयोजक अगदी शेवटी सोडतात. आधी सोडली तर वक्त्यासमोर फक्त वक्ताच उरेल. ज्ञानेश्वर माउलींनीही नवव्या अध्यायाच्या तोंडाशी श्रोत्यांकडे अवधान मागितलंय. मी तर पीपीटीवाला.

निबंधाचं नाव होतं 'मराठवाड्यातील मध्ययुगीन जलस्थापत्य : एक चिकित्सक अभ्यास'. ते वाचून बायको म्हणाली, "यात आपली विहीर कुठंय?" मी नाव बदललं, 'वालूरची बारव गोल का फिरते?' तरी रविवारी दुपारी तीनची वेळ. त्या वेळेला आमच्याकडं ढोरंसुद्धा सावली सोडत नाहीत.

शेवटी गावातल्या पुतण्याला फोन केला. त्यानं देवळाच्या भोंग्यावरून पुकारलं, "आज तीन वाजता आपल्या बारवेचा पिक्चर मोबाइलवर दाखवण्यात येणार आहे. सर्वांनी यावे."

तीन वाजता मी परभणीत लॅपटॉपसमोर बसलो. पडद्यावर मोजून नऊ चौकोन. त्यातले तीन आयोजकांचे, एक अध्यक्षांचा, एक माझा स्वतःचा. फुकटातलं झूम चाळीस मिनिटांनी बंद पडतं म्हणून मला आठ मिनिटं दिली होती. चौथ्या मिनिटाला 'रेडमी नोट' नावाच्या चौकोनातून आवाज आला, "ओ गुरुजी, फोटू उलटा लावलाव! आपल्या पायऱ्या ह्या अंगानं फिरत्यात, त्या अंगानं न्हाई!"

अध्यक्ष दचकून जागे झाले. मी चौकोन मोठा करून पाहिलं. बारवेच्या वरच्या पायऱ्यांवर चाळीसेक माणसं दाटीवाटीनं बसलेली. खाली रेंज नसते म्हणून सगळे वरतीच. मोबाइल तांब्याला टेकवून ठेवलेला. पुढच्या रांगेत माझी चुलती, पदराखाली शेंगा.

"कोणत्या अंगानं?" अध्यक्षांनी विचारलं. परिषदेतला हा पहिलाच प्रश्न.

"दावतोच की!" म्हणत एका आज्यानं मोबाइल उचलला आणि पायऱ्या उतरायला लागला. पडद्यावर भिंत फिरली, आभाळ फिरलं, चुलतीच्या शेंगा फिरल्या. मागून बाकीचे ओरडायलेत, "हळू, आबा, हळू!" निम्म्यात रेंज गेली आणि आज्याच्या धोतराचा सोगा पडद्यावर थिजला. माझी उरलेली मिनिटं त्या सोग्याकडे बघण्यातच गेली. मी मात्र मनातल्या मनात माझा फोटो सरळ करत होतो. आज्याचंच बरोबर होतं.

आयोजकांच्या अहवालात माझ्या सत्राची उपस्थिती नऊ लिहिली गेली. आठवड्यानं हजेरीच्या यादीवरून आपोआप छापलेली प्रमाणपत्रं आली. गावासाठी एकच होतं. ते पुतण्यानं लॅमिनेट करून स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात लावलंय, 'श्री. रेडमी नोट यांनी परिषदेत सक्रिय सहभाग नोंदविला.'