पाटीवरचं ‘सह’

“वहिनी, कुरडयांवर फडकं टाका हो. कावळा टपलाय तुमच्या भिंतीवर!”

“टपू दे मेला. भावजी गावच्या यात्रेला गेले होते ना? तमाशा कुणाचा होता?”

“रघुवीर खेडकरांचा. रात्रभर बघून पोट भरलं नाही, सकाळी हजेरीलाही ठाण मांडून बसले. आत्ता घोरतायत.”

“पूर्ण नाव घ्या की. ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’. ही त्यांची आई २०२१च्या मे महिन्यात करोनात गेली, पण पाटीवर आहेच.”

“ते सातारकर कसं काय? फड तर आपल्या संगमनेरचा.”

“अहो, त्या जन्मानं साताऱ्याच्याही नव्हेत! जन्म गुजरातेत, आईबाप दगडखाणीवर मजूर. लहानपण साताऱ्यात गेलं, तेच नाव चिकटलं. मग तुकाराम खेडकरांच्या फडात आल्या अन् तिथंच संसार मांडला.”

“अगंबाई! म्हणजे प्रेमात?”

“तुम्हाला बरं तेवढंच ऐकू येतं! १९६४ला तुकाराम गेले. मालक गेल्यावर फड विस्कटायला कितीसा वेळ लागतो? पदरात लहान पोरं. तरी बाईनं हलाखी काढून स्वतःचा फड उभा केला.”

“नाचून?”

“नुसतं नाचून होय? वगात शिवाजी महाराज उभे करायच्या त्या! आमचे मामंजी सांगायचे, मघाशी शिट्ट्या मारणारी पोरं जिरेटोप अन् दाढी बघितली की मांड्या सावरून बसायची. सरकारनं उगाच नाही विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा जीवनगौरव दिला. अन् मुलगा सोंगाड्या. हसवण्यात त्याचा हात धरणारा दाखवा.”

“पण आता वग बघतंय कोण? आमचे दीर यात्रा कमिटीत आहेत. पाडव्याला नारायणगावच्या राहुटीत सुपारी द्यायला गेले, तर पंचांचा पहिला प्रश्न, नवी गाणी किती? गण-गवळण उरका म्हणे.”

“करोनात फड बसून होते, तेव्हा याच पंचांना चुकल्याचुकल्यासारखं होत होतं. बाकी मला त्या पाटीचं कौतुक वाटतं बाई. मुलगा मालक, तरी आईला ‘सह’ म्हणून सोबत ठेवलंय.”

“आमच्या दारावरची पाटी बघा. वर यांचं नाव, खाली ‘कुत्र्यापासून सावध’. मी कुठंच नाही!”

“कुत्रं मेलं ना तुमचं परवाच्या दिवाळीत?”

“मेलं. पाटी आहे अजून… अहो, नेली! वहिनी, कुरडई नेली त्यानं!”